घाटातल्या क्लब ड्राइव्हची रेकी: पंधरा गाड्यांसाठी रस्ता कसा पाहावा

पुण्यात कार क्लब सुरू झाला की पहिल्याच बैठकीत घाटाचा विषय निघतो, आणि निघायलाच हवा. पश्चिमेला ताम्हिणी, भोरच्या पलीकडे वरंधा, साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी, वाईच्या डोक्यावर पसरणी, सासवडच्या अंगाला दिवे आणि बोपदेव, उत्तरेला माळशेज. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल असे इतके घाट फार थोड्या शहरांच्या वाट्याला आलेत. यातल्या एखाद्या घाटाचं वळण न् वळण तुम्हाला पाठ असेल. तरीही पंधरा गाड्या घेऊन तिथे जायचं तर तो रस्ता पुन्हा नव्याने पाहावा लागतो, कारण एकटी गाडी कुठेही बाजूला घेता येते आणि पंधरा गाड्या कुठेही बाजूला घेता येत नाहीत.

रेकी करताना, म्हणजे आधी जाऊन रस्ता तपासताना, मनात सतत शेवटची गाडी ठेवा. तिच्यात सहा महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालेला मुलगा असू शकतो, मागच्या सीटवर त्याची आजी असू शकते, वळणांनी मळमळणारं लहान मूल असू शकतं. पुढच्या गाडीला जे वळण मजेचं वाटतं तेच या गाडीला घाम फोडू शकतं. रस्ता चांगला की वाईट, हे त्या गाडीवरून ठरवायचं.

या लेखात उदाहरणासाठी मी एकच फेरी घेतो: पुणे, कापूरहोळ, भोर, मांढरदेवीचा घाट, वाई आणि सुरूर फाट्यावरून महामार्गाने परत. साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. नव्या क्लबला ही फेरी मी आधी सुचवतो, कारण हिच्यात खरा घाट आहे, दोन तालुक्यांची गावं वाटेत आहेत, आणि कापूरहोळपर्यंतचा महामार्ग सोडला तर जाताना-येताना एकच रस्ता दोनदा पाहावा लागत नाही.

घरी बसून करायचं काम

नकाशा आधी उपग्रहाच्या दृश्यात पाहा. साध्या नकाशावर घाट म्हणजे एक वेडीवाकडी रेघ असते. उपग्रहाच्या चित्रात कठड्याबाहेरची मोकळी जागा, मंदिराचं पटांगण, रस्त्यालगतचं सपाट माळरान दिसतं. थांबण्यासारखी वाटेल ती प्रत्येक जागा खुणेने नोंदवा. प्रत्यक्ष गेल्यावर यातल्या निम्म्या बाद होतील, म्हणून यादी सढळ हाताने करा.

मग अ‍ॅप दाखवतं त्या वेळेत निम्मी भर घाला. तीन तास दाखवत असेल तर साडेचार धरा, आणि थांबे त्याहून वेगळे. ताफा नेहमी सगळ्यात हळू गाडीच्या वेगाने चालतो. शिवाय प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक टोलवर थोडाथोडा वेळ जातोच.

हद्दही पाहून ठेवा. भोर पुणे जिल्ह्यात, मांढरदेवी आणि वाई सातारा जिल्ह्यात. म्हणजे रस्ताबंदीचे आणि पर्यटनस्थळांवरच्या मनाईचे आदेश दोन वेगवेगळ्या जिल्हाधिकाऱ्यांचे असतात. पुण्याचे आदेश वाचून निर्धास्त झालात आणि पलीकडे रस्ता बंद निघाला तर अख्खा ताफा घाटमाथ्यावर अडकेल. दोन्ही जिल्ह्यांच्या बातम्या पाहा, आणि नुसत्या बातमीवर न थांबता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या त्या भागातल्या कार्यालयात फोन करून काम चालू आहे का, हे विचारा. रुंदीकरण किंवा काँक्रीटीकरण चालू असेल तर एकेरी वाहतूक, सुटी खडी आणि धूळ हे तिन्ही सोबत येतं. अशा पट्ट्यात ताफा नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफलाइन नकाशे आधीच उतरवून घ्या. घाटात गेल्यावर ते उतरत नाहीत.

महिना आणि वार

सह्याद्री पावसाळ्यात सगळ्यात देखणा असतो, हे मान्यच. पण जुलै-ऑगस्टमध्ये मोठा ताफा घाटात नेऊ नका. त्याचं कारण डोंगराच्या पोटातच आहे. आपला डोंगर बेसॉल्टच्या थरांवर थर रचून झालेला आहे आणि त्या थरांच्या मधे ठिकठिकाणी तांबड्या, मऊ मातीसारखे पट्टे असतात. पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत या मऊ पट्ट्यांपर्यंत पोहोचतं, आणि वरचा थर सुटतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला तो असाच संततधारेनंतर. वरंधा घाटात पावसाळ्यात दर वर्षी दरडी येतात आणि वाहतुकीवर निर्बंध लागतात. ताम्हिणीत पावसाइतकीच शनिवार-रविवारची गर्दी त्रासदायक असते: धबधब्यासमोर रस्त्यावरच उभ्या केलेल्या गाड्या, त्यांच्या मधून चालणारी माणसं, आणि धुकं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबर हा काळ मला सगळ्यात योग्य वाटतो. डोंगर हिरवे असतात, सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात, हवा धुऊन निघालेली असते आणि लांबचं स्वच्छ दिसतं. डिसेंबर-जानेवारीही चांगला, फक्त दिवस लहान असतो. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे परतीचं गणित घट्ट बसवावं लागतं. मार्चनंतर वणव्यांचा धूर आणि धूळ, त्यामुळे दृश्य फिकं पडतं.

भोर-वाईच्या फेरीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती म्हणजे ऊस. गाळप सुरू झालं की वाई-भुईंज भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला असतो. अंधार पडायच्या आत हा पट्टा पार व्हायला हवा. ज्यांची वर्षाची कमाई त्या ट्रॉलीत आहे त्यांना हॉर्न मारून बाजूला सारायचं नाही, हेही सभासदांना आधीच सांगा.

वार ठरवताना मांढरदेवीचं देवस्थान विसरू नका. काळूबाईला मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमा-अमावास्येला गर्दी असते, आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेला लाखांनी भाविक येतात. त्या आठवड्यात हा घाट त्यांचा आहे. आपण दुसरा रस्ता निवडायचा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात आणि गावातला मुख्य रस्ताच पालखीसाठी अडतो. भोर-वाईचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो तेही तिथल्याच माणसाला विचारा.

रेकी मात्र ज्या वारी ड्राइव्ह आहे त्याच वारी आणि त्याच वेळी करा. बुधवारी दुपारी रिकामा दिसलेला सुरूर फाटा रविवारी संध्याकाळी ओळखू येत नाही. महाबळेश्वर-पाचगणीहून परतणारं सगळं पुणं आणि मुंबई तिथे महामार्गाला लागत असतं.

गाडी कोणती, सोबत कोण

क्लबमधली सगळ्यात ठेंगणी आणि कमी ताकदीची गाडी रेकीला न्या. उंच एसयूव्हीतून रेकी केली तर गावच्या वेशीवरचा अर्धगोल गतिरोधक जाणवतच नाही, आणि ड्राइव्हच्या दिवशी त्याच गतिरोधकावर कुणाच्या तरी सेडानचं पोट खरवडून निघतं. चार माणसं आणि सामान भरलेली लहान पेट्रोल हॅचबॅक घाट कशी चढते, एसी बंद करावा लागतो का, उभ्या चढावर थांबून पुन्हा उचलते का, हे स्वतः पाहा.

माणसं किमान दोन हवीत: एक फक्त चालवणार, एक फक्त लिहिणार. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. जमलं तर तिसरं माणूस नवखं न्या, ज्याला घाटाची सवय नाही असं. ते कुठे दचकतं, कुठे पाय आपोआप दाबतं, ते टिपून ठेवा. तुम्हाला सवयीने न दिसणाऱ्या जागा त्याच्यामुळे कळतील.

नोंद कशी करायची

कापूरहोळला महामार्ग सोडला की ट्रिप मीटर शून्य करा. तिथून पुढे प्रत्येक नोंद किलोमीटरच्या आकड्यासकट. नोंदी छोट्या आणि कामाच्या हव्यात. ‘कमानीनंतर लगेच दोन गतिरोधक, दुसऱ्याला पांढरे पट्टे नाहीत.’ ‘मोरीवर डाव्या चाकाखाली खड्डा, मधून घ्या.’ ‘पिंपळाचा पार, इथून पुढे जिओ नाही, बीएसएनएल आहे.’ ‘उजवीकडे कठडा तुटलेला, चुन्याने रंगवलेली पिंपं ठेवलीत.’ ‘साइडपट्टी वीतभर खचलेली, चाक खाली उतरवू नका.’ ‘रस्ता सुंदर आहे’ ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही.

मैलाचे दगड वाचायची सवय लावा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्य महामार्गाचं हिरवं. अडचणीत मदत मागताना ‘घाटात आहोत’ म्हटल्याने कुणाला काही कळत नाही. अमुक रस्ता, अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ, असं सांगितलं की मदत नेमकी येते. दगडावरच्या आकड्यांचे फोटो काढून ठेवले तर उत्तम.

रस्ता एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेने, असा दोन्हींकडून चालवा. ड्राइव्ह एकाच दिशेने असली तरी. पुढे दरड आली, झाड पडलं, तर सगळ्या गाड्यांना आल्या वाटेने परत फिरावं लागेल, आणि चढताना सोपं वाटलेलं वळण उतरताना वेगळंच असतं. गाडी पूर्ण वळवता येईल अशा जागा वेगळ्या शाईने लिहा. घाटात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

दरडीची जागा ओळखायला शिका. डोळ्याला सवय झाली की ती लांबून कळते. जुना, मुरलेला कातळ काळपट-तपकिरी असतो, त्यावर शेवाळ आणि गवत धरलेलं असतं. नुकताच सुटलेला कातळ निळसर-करडा, कोरा दिसतो, आणि त्याच्या पायथ्याशी टोकदार तुकडे पडलेले असतात. वरच्या उतारावरची झाडं रस्त्याकडे कललेली आहेत का, गटार मातीने बुजून पाणी रस्त्यावरून वाहिल्याच्या खुणा आहेत का, जाळी लावली असेल तर तिच्या पोटात दगड साठून ती फुगली आहे का, हे थांबून नीट पाहा. अशा कापलेल्या डोंगराखाली थांबा ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही आणि भर हिवाळ्यातसुद्धा नाही.

थांबे: रेकीचं खरं काम

सगळी ड्राइव्ह थांब्यांवर उभी असते. माणसं गाडी चालवायला येतात हे खरं, पण एकमेकांशी बोलतात, ओळखी करून घेतात, फोटो काढतात ते थांब्यांवर. आणि अपघाताची भीतीही सगळ्यात जास्त तिथेच असते, कारण चालत्या रस्त्याच्या कडेला माणसं गाडीतून उतरलेली असतात.

आधी लांबी मोजा. एका मागे एक उभ्या केलेल्या गाडीला पुढच्या-मागच्या अंतरासकट सहा मीटर लागतात. पंधरा गाड्या म्हणजे नव्वद मीटर. घाटात रस्त्याबाहेर सलग नव्वद मीटर मिळणं कठीण. मिळालं नाही तर ताफा पाच-पाच किंवा सात-आठचा करून वेगवेगळ्या वेळी थांबवायचा, किंवा तो थांबा सोडून द्यायचा. ‘काहीतरी करून बसतील’ असं कधीही धरू नका. पायांनी पावलं टाकून मोजा.

मग बाजू. आपण डावीकडून चालतो, म्हणून थांबा प्रवासाच्या दिशेला डावीकडेच हवा. उजवीकडचं दृश्य कितीही सुरेख असलं तरी तिथे जायला पंधरा गाड्यांना समोरून येणारी वाहतूक कापावी लागते, आणि परत निघताना पुन्हा. एवढ्याच कारणासाठी अख्ख्या फेरीची दिशा बदलायला हरकत नसते. दिशा ठरवताना खंबाटकीचाही विचार करा: पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा जुना रस्ता तो घाट चढतो, आणि साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी तिथला जुना बोगदा आहे. म्हणजे भोरमार्गे जाऊन वाईहून परतलात तर दमलेल्या ड्रायव्हरना शेवटी आणखी एक घाट चढावा लागत नाही. म्हणूनच मी ही फेरी भोरकडून सुरू करतो.

थांब्याच्या दोन्ही बाजूंना किती लांबचं दिसतं ते तपासा. वळणाच्या लगेच पुढे थांबा असेल तर मागून भरधाव येणाऱ्या एसटीला उभ्या गाड्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शंभर मीटर स्वच्छ दिसत नसेल तर ती जागा खोडा. जमीन कुणाची तेही विचारा. मोकळा दिसणारा माळ बहुतेक वेळा कुणाचं तरी गवताचं रान असतं. मालकाला भेटून परवानगी मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता पंधरा गाड्या घातल्या तर भांडण होणारच, आणि त्यात चूक आपलीच असेल.

सूर्याकडेही पाहा. ताम्हिणीचा एक मोठा गुण असा की पुण्याहून सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि संध्याकाळी पूर्वेकडे परततानाही पाठीशीच. दिवसभर कुणाच्या डोळ्यांवर ऊन येत नाही आणि समोरचा डोंगर उजळलेला दिसतो. मांढरदेवीहून वाईत उतरताना तोंड दक्षिणेकडे असतं, त्यामुळे हिवाळ्यात भर दुपारचं तिरपं ऊन वळणावळणाला समोर येतं. सकाळी अकराच्या आत उतरायला लागलात तर वाईचं खोरं आणि पांडवगडाकडची डोंगररांगही जास्त उठावाने दिसते.

आता स्वच्छतागृह. याबद्दल लाजत बोलून चालणार नाही. बऱ्याच क्लबांमध्ये महिला सभासद एकदा येतात आणि पुन्हा येत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. रेकीच्या जोडीत एक बाई असावी, असा आग्रह मी धरतो. हॉटेलवाल्याने ‘आहे ना’ म्हटलं की पुढे जाऊ नका. दार उघडून पाहा: कडी आतून लागते का, नळाला पाणी आहे का, बादली-मग आहे का, दिवा लागतो का, किल्ली कुणाकडे असते. दीड तासाच्या आत असा एक तरी थांबा हवाच.

चहा-नाश्त्याची जागा ठरवताना चव दुय्यम, आवाका आधी. चाळीस माणसं एकदम उतरली की लहान टपरीची धांदल उडते आणि आपला तासभर जातो. सरळ विचारावं. भोर भागातल्या एका टपरीवर विचारलं, “मावशी, चाळीस चहा आणि पन्नास वडे एकदम लागले तर?” त्यांचं उत्तर तयार होतं: “आदल्या दिवशी फोन कर बाबा, पीठ भिजवून ठेवते. न सांगता आलात तर तासभर बसावं लागंल.” असा माणूस मिळाला की त्यालाच धरून राहा, नंबर घ्या, थोडी आगाऊ रक्कम द्या. घाटातल्या बातम्याही त्याच्याकडूनच मिळतात: दरड कुठे आली, डांबर कुठे उखडलं, टँकर कुठे बंद पडलाय.

जेवण वाईत ठेवायचं असेल तर नदीकाठच्या गणपती घाटाच्या गल्ल्यांत ताफा घालू नका. ढोल्या गणपतीचं दर्शन आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहण्याजोगे आहेत यात शंका नाही, पण तिथे जायचं तर गाड्या बाहेर लावून पायी किंवा रिक्षाने. जेवायला सुरूरच्या रस्त्यावरचं, स्वतःचं मोठं आवार असलेलं हॉटेल बघा.

ताफा कुठे जोडायचा, कुठे सोडायचा

नवख्या आयोजकांना वाटतं की शहरातूनच सगळ्यांनी एका ओळीत निघावं. तसं करू नका. कात्रज चौक, नवले पूल, खेड शिवापूरचा टोलनाका या तिन्ही ठिकाणी ओळ तुटतेच, आणि तुटलेली ओळ जोडायला मागचे लोक वेग वाढवतात. प्रत्येकाने आपापलं टोलनाका ओलांडून यावं आणि त्यापुढच्या मोठ्या आवाराच्या पंपावर किंवा हॉटेलात जमावं. ताफा तिथून सुरू. टाकी भरणं, हवा तपासणं, सूचना देणं हे सगळं तिथेच.

परतीचंही तसंच. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. अवजड ट्रकचे ब्रेक निकामी होऊन तिथे भीषण अपघात झालेले आहेत. त्या उतारावर दमलेल्या ड्रायव्हरने पुढच्या गाडीच्या मागे राहण्याच्या नादात लेन बदलत राहणं फार धोक्याचं. म्हणून निरोप महामार्गावर बोगद्याच्या बऱ्याच आधी घ्यायचा, आणि पुढे प्रत्येकाने आपल्या वेगाने, खालच्या गिअरमध्ये, ट्रकपासून लांब राहून घरी जायचं.

मधल्या प्रवासात पाच-सहा गाड्यांचे गट करा. प्रत्येक गटाला पुढे एक जाणता आणि मागे एक जाणता. भोर गावात किंवा वाईच्या फाट्यांवर गट तुटू नये म्हणून एक साधा नियम पुरतो: प्रत्येकाने आरशात मागची गाडी दिसेपर्यंत वळायचं नाही. सगळ्यांनी तो पाळला की शेवटची गाडी चुकत नाही. रेकीत असा प्रत्येक फाटा लिहून घ्या आणि तिथे थांबायला कडेला जागा आहे का, तेही. वॉकीटॉकी वापरणार असाल तर परवाना न लागणाऱ्या कमी ताकदीच्या पट्ट्यातलेच घ्या, आणि रेकीत दोन गाड्यांनी वापरून पाहा. मधे डोंगराची सोंड आली की आवाज तुटतो, त्या जागा नोंदवा.

घाटात चालवण्याबद्दल सभासदांना काय सांगायचं

रेकीत दिसलेलंच सांगा, सगळं पुस्तक वाचून दाखवू नका. अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. हा नियमच आहे आणि तो पाळला तर निम्मी कोंडी होत नाही. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची नाही. जो चढ दुसऱ्या गिअरने चढावा लागतो तो उतारही दुसऱ्या गिअरनेच. ऑटोमॅटिकवाल्यांना आपल्या गाडीत खालचा गिअर कसा धरून ठेवायचा ते बऱ्याचदा माहीतच नसतं, म्हणून आदल्या आठवड्यात एकेकाला विचारून घ्या. उतार संपल्यावर पाच-दहा मिनिटं ब्रेक निवायला जागा ठेवा. जळकट वास आला तर त्या गाडीला तिथून लगेच हलवायचं नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना उतारावर थोडी बॅटरी परत मिळते, पण चढावर ती झपाट्याने जाते. म्हणून वाटेतला चार्जर रेकीत स्वतः लावून पाहा. नकाशावर दिसणारा चार्जर चालू असेलच असं नाही.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. ‘कोण किती मिनिटांत वर पोहोचलं’ ही भाषा क्लबच्या ग्रुपवरसुद्धा येऊ देऊ नका. घाटात राहणारी माणसं, गुरं, शाळेला चालत निघालेली मुलं त्याच रस्त्यावर असतात.

अडचणीसाठी नंबर रूटशीटच्या, म्हणजे सभासदांना द्यायच्या रस्त्याच्या कागदाच्या, पहिल्याच ओळीत: तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. भोर आणि वाई दोन्हीकडे सरकारी रुग्णालय आहे. रेकीच्या दिवशी दारापर्यंत जाऊन रस्ता पाहून या. दोन्ही गावांतल्या एकेका गॅरेजवाल्याचा आणि पंक्चरवाल्याचा नंबर घ्या, आणि घाटातून गाडी ओढून आणायला क्रेन कुठून येते, किती वेळ लागतो, तेही त्यांनाच विचारा.

ड्राइव्हच्या आधीचा आठवडा

पहिल्या रेकीनंतर महिना गेला असेल तर ती शिळी झाली असं समजा. एका पावसात मोरी खचते, एका आठवड्यात रस्ता उकरला जातो. आदल्या रविवारी पुन्हा एकदा जाऊन या, या वेळी फक्त बदल टिपायला. दोन दिवस आधी टपरीवाल्या मावशींना आणि हॉटेलला फोन करून आकडा पक्का करा.

पर्यायी फेरी तयार ठेवा आणि तिचीही रेकी करा. भोर-मांढरदेवी जमलं नाही तर मी दिवे किंवा बोपदेव, ज्याची अवस्था त्या महिन्यात बरी असेल तो घाट, मग सासवड, पुरंदरच्या पायथ्याचं नारायणपूर आणि कापूरहोळला महामार्ग, अशी फेरी धरतो. चढ सौम्य, गावं जवळजवळ, अंतर कमी. आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते, तेव्हा मात्र तिकडे जायचं नाही.

रद्द करायचं की नाही, हा निर्णय ज्या जोडीने रेकी केली तिच्याच हातात ठेवा आणि तसं सगळ्यांना आधी सांगून टाका. आदल्या रात्री नऊला ग्रुपवर एकच निरोप जायला हवा: ठरलेला रस्ता, पर्यायी रस्ता, की पुढची तारीख. त्यानंतर चर्चा नाही. सकाळी ताफा सुटायच्या आधी मावशींना एक फोन करा. घाटात धुकं आहे म्हणाल्या तर अर्धा तास थांबून पुन्हा विचारा. तरीही धुकंच असेल तर गाड्या सासवडकडे वळवा.